विषाणू गेला, वेष्टन उरले

भारतातल्या असंख्य घरांत आजही एखादी मुखपट्टी सापडते. कपाटाच्या खणात, औषधांच्या डब्यात, दाराआडच्या खुंटीवर किंवा प्रवासी बॅगेच्या बाहेरच्या कप्प्यात. तिचे कानामागचे बंद सैल झालेले असतात, नाकावरची पट्टी वाकलेली असते आणि ती नेमकी कोणत्या दिवसाची, हे घरात कोणालाच आठवत नसते. ती टाकायला हात होत नाही आणि वापरायची वेळही येत नाही. जेमतेम ३-४ ग्रॅम वजनाच्या या वस्तूत भारतीय समाजाचा प्लास्टिकशी अलीकडच्या काळात झालेला सगळा व्यवहार साठलेला आहे. त्यात कृतज्ञता आहे, भीती आहे आणि भीती सरल्यावरही न सुटलेली सवय आहे.

कृतज्ञतेपासून सुरुवात करणे योग्य, कारण तिच्यामागचे विज्ञान सर्वांत भक्कम आहे.

साथीच्या आरंभी एक आक्षेप वारंवार ऐकू येई. विषाणूचा व्यास सुमारे ०.१ मायक्रोमीटर, मुखपट्टीच्या तंतूंमधली अंतरे त्याहून कितीतरी मोठी; मग डास अडवण्यासाठी खिडकीला गज लावून काय उपयोग? आक्षेप चतुर होता, पण मुखपट्टी चाळणीसारखी काम करते हे त्यामागचे गृहीतकच चुकीचे होते. श्वासातले मोठे कण हवेबरोबर वळू शकत नाहीत आणि सरळ तंतूंवर आदळतात. अतिसूक्ष्म कण हवेच्या रेणूंचे धक्के खात वेडेवाकडे भटकतात आणि भटकता भटकता कोणत्या तरी तंतूला चिकटतात. खरी अडचण मधल्यांची. सुमारे ०.३ मायक्रोमीटर आकाराचे कण आदळण्याइतके जड नसतात आणि भटकण्याइतके हलकेही नसतात. म्हणूनच ‘एन-९५’ मुखपट्टीची परीक्षा नेमकी याच आकाराच्या कणांवर घेतली जाते. त्यांतले निदान ९५ टक्के अडले, तरच तिला ते नाव मिळते.

हे मधले कण अडवण्याचे काम विद्युतभार करतो. मुखपट्टीचा आतला थर ‘मेल्टब्लोन’ पद्धतीने बनतो. वितळलेले पॉलिप्रॉपिलीन तप्त हवेच्या झोताने फुंकून त्याचे काही मायक्रोमीटर जाडीचे तंतू ओढले जातात. त्यांवर विद्युतभार कायमचा रोवला जातो. चुंबकात जसे चुंबकत्व टिकून राहते तसा ज्या पदार्थात विद्युतभार टिकून राहतो, त्याला ‘इलेक्ट्रेट’ म्हणतात. हे नाव ऑलिव्हर हेविसाइड यांनी १८८५ साली सुचवले. मोतोतारो एगुची यांनी १९१९ साली जपानमध्ये मेणापासून पहिला इलेक्ट्रेट बनवला. प्रयोगशाळेतले ते एक कुतूहल होते. शंभर वर्षांनी त्याच कुतूहलाने कोट्यवधी माणसांचे श्वास राखले. श्वास घेणे जड न होऊ देता कण ओढून घेण्याची किमया त्या अदृश्य भाराची होती आणि तो भार धरून ठेवण्याची क्षमता प्लास्टिकची होती. कापसाच्या ओलसर तंतूवर असा भार टिकत नाही.

म्हणून २०२० सालच्या प्लास्टिकची सरसकट निंदा करणे हे अज्ञानाचे लक्षण ठरेल. त्या वर्षाच्या आरंभी भारतात वैयक्तिक संरक्षण पोशाख, म्हणजे पीपीई, जवळजवळ बनतच नव्हते. मे महिन्यापर्यंत रोज सुमारे २ लाख पोशाख आणि तितक्याच एन-९५ मुखपट्ट्या देशात तयार होऊ लागल्या. अतिदक्षता विभागातली परिचारिका सहा-सहा तास त्या पोशाखात घामाने निथळत उभी राहिली. तिच्या आणि मृत्यूच्या मध्ये काही शतांश मिलिमीटर जाडीचे प्लास्टिक होते. सलाईनची नळी, प्राणवायूचा मुखवटा, लशीची सिरिंज, चाचणीची कुपी यांपैकी प्रत्येक वस्तू एकदाच वापरून टाकायची होती आणि ती तशीच असायला हवी होती.

या सुरक्षिततेची किंमत कचऱ्याच्या रूपाने लगेच समोर आली. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या नोंदीनुसार जून ते सप्टेंबर २०२० या चार महिन्यांत देशात कोविडशी संबंधित १८,००६ टन जैववैद्यकीय कचरा निघाला. त्यात ३,५८७ टनांसह महाराष्ट्र पहिला होता. मंडळाने त्यासाठी तपशीलवार नियम केले. गॉगल, चेहऱ्यावरच्या ढाली, प्लास्टिकचे संपूर्ण पोशाख आणि नायट्राइल हातमोजे लाल पिशवीत, म्हणजे निर्जंतुकीकरणानंतर पुनर्वापराकडे. मुखपट्ट्या, टोप्या आणि बुटांवरची आवरणे पिवळ्या पिशवीत, म्हणजे भट्टीकडे. रुग्ण नसलेल्या घरांसाठीही एक सूचना होती. वापरलेली मुखपट्टी कागदी पिशवीत निदान ७२ तास ठेवावी आणि मग कापून सुक्या कचऱ्यात टाकावी.

हा ७२ तासांचा आकडा वाटेल तसा निवडलेला नव्हता. त्यामागे प्रयोग होते आणि त्या प्रयोगांत या लेखाचे मर्म आहे.

मार्च २०२० मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये एक लहानसा शोधनिबंध प्रसिद्ध झाला. वेगवेगळ्या पृष्ठभागांवर करोनाविषाणू किती काळ संसर्गक्षम राहतो, याचे मोजमाप त्यात होते. तांब्यावर ४ तासांनंतर तो आढळला नाही, पुठ्ठ्यावर २४ तासांनंतर आढळला नाही. प्लास्टिकवर मात्र ७२ तासांपर्यंत सापडला. पुढच्याच महिन्यात ‘लॅन्सेट मायक्रोब’मध्ये हाँगकाँगच्या संशोधकांनी असेच निष्कर्ष मांडले. कागदावर ३ तासांनंतर जिवंत विषाणू मिळाला नाही, कापडावर दुसऱ्या दिवशी मिळाला नाही आणि प्लास्टिकवर तो नाहीसा व्हायला सातवा दिवस उजाडला. प्रयोगशाळेतल्या विषाणूंची मात्रा रोजच्या व्यवहारातल्यापेक्षा बरीच मोठी होती, त्यामुळे हे दिवस जसेच्या तसे घरात लागू करता येत नाहीत. पण क्रम स्पष्ट होता. विषाणू प्लास्टिकवर अधिक टिकत होता, कागदावर आणि कापडावर कमी.

असे का व्हावे, याचे उत्तर पवईच्या आयआयटी मुंबईतील संशोधकांनी २०२१ साली ‘फिजिक्स ऑफ फ्लुइड्स’ या नियतकालिकात दिले. विषय जीवशास्त्राचा वाटतो, पण उत्तर भौतिकीचे आहे. खोकल्यातला थेंब एखाद्या पृष्ठभागावर पडतो तेव्हा त्याचा बहुतेक भाग काही मिनिटांत वाळून जातो. तरीही पृष्ठभागाला बिलगून द्रवाचा एक अतिपातळ पापुद्रा उरतो. त्याला रेणूंमधली आकर्षणबले धरून ठेवतात, त्यामुळे तो अतिशय सावकाश वाळतो. विषाणू त्या पापुद्र्यात तग धरतो. काच, पोलाद, प्लास्टिक अशा अभेद्य पृष्ठभागांवर हा पापुद्रा दीर्घकाळ राहतो. कागदात आणि कापडात मात्र द्रव तंतूंच्या जाळ्यात शोषला जाऊन पसरतो, त्याचे क्षेत्रफळ वाढते आणि तो लवकर सुकतो. याच आधारावर त्या संशोधकांनी सुचवले, की रुग्णालये आणि कार्यालये यांतल्या काचेच्या, पोलादाच्या किंवा लॅमिनेट केलेल्या फर्निचरवर कापडासारखे सच्छिद्र आवरण घालावे; त्याने स्पर्शातून होणाऱ्या संसर्गाचा धोका कमी होईल.

आता त्या दिवसांतली घरे आठवून पाहावीत. वर्तमानपत्रावर इस्त्री फिरवली जात होती. अनेक शहरांत पेपर घरोघरी टाकणेच थांबले होते. कापडी पिशवी घेऊन आलेल्या गिऱ्हाइकाकडे दुकानदार साशंक नजरेने पाहत होता. त्याच वेळी प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून आलेली भाजी, फिल्ममध्ये गुंडाळलेले खोके, थाळीऐवजी आलेला एकदाच वापरायचा डबा आणि त्यासोबतचे पाकीटबंद चमचे निर्धास्तपणे घरात घेतले जात होते. कागद संशयित ठरला, कापड संशयित ठरले आणि ज्या पृष्ठभागावर विषाणू सर्वाधिक काळ टिकत होता, तो पृष्ठभाग स्वच्छतेचे प्रतीक झाला. चकचकीतपणा आणि निर्जंतुकता या दोन गोष्टी भीतीच्या भरात एकच मानल्या गेल्या.

यात सामान्य माणसाला दोष देण्याचे कारण नाही. भीती प्रयोगांची वाट पाहत नाही आणि त्या काळी शास्त्रज्ञही रोज नवे शिकत होते. तथापि जून २०२० मध्येच वेगवेगळ्या देशांतल्या शंभराहून अधिक आरोग्यतज्ज्ञांनी एक जाहीर निवेदन काढले होते. साध्या स्वच्छतेचे नियम पाळले तर पुन्हा वापरता येणारी भांडी आणि पिशव्या साथीतही सुरक्षित आहेत, असे त्यात म्हटले होते. पुढे २०२१ पर्यंत हेही स्पष्ट झाले, की या रोगाचा मुख्य मार्ग हवा आहे. वस्तूंना स्पर्श करून होणारा संसर्ग अगदी गौण आहे. म्हणजे मुखपट्टी आवश्यक होती, चमच्यावरचे पाकीट आवश्यक नव्हते. एकाच काळात, एकाच पदार्थापासून बनलेल्या या दोन वस्तूंमधला भेद ओळखणे, हाच साथीचा खरा धडा होता. तोच सर्वांत कमी शिकला गेला.

आकडेही हाच भेद दाखवतात. ‘पीएनएएस’ या नियतकालिकात २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार ऑगस्ट २०२१ पर्यंत जगात साथीमुळे ८० लाख टनांहून अधिक प्लास्टिक कचरा निर्माण झाला आणि त्यातला २५,००० टनांहून अधिक समुद्रात गेला. त्यातला सर्वांत मोठा वाटा रुग्णालयांचा होता. ऑनलाइन खरेदीच्या वेष्टनांचा वाटा ५ टक्क्यांहून कमी होता. म्हणजे साथीच्या काळापुरता विचार केला, तर वेष्टने हा किरकोळ गुन्हेगार. पण रुग्णालयांतला तो जादा कचरा साथीबरोबर ओसरला. घरपोच डब्यांची, पाकिटातल्या चमच्यांची, गुंडाळलेल्या प्रत्येक वस्तूची सवय मात्र ओसरली नाही. भारतातल्या प्लास्टिक कचऱ्याची अधिकृत नोंद २०१९-२० मध्ये सुमारे ३४.७ लाख टन होती. ती २०२०-२१ मध्ये सुमारे ४१.३ लाख टनांवर गेली, त्यानंतरच्या वर्षी ३९ लाखांवर उतरली आणि २०२२-२३ मध्ये पुन्हा ४१ लाखांपलीकडे गेली. यातली काही वाढ नोंदी सुधारल्यामुळे झालेली असू शकते. तरीही साथीपूर्वीच्या पातळीला ती रेषा परतलेली दिसत नाही.

या अधिकृत आकड्यालाही एक सावली आहे. ब्रिटनमधील लीड्स विद्यापीठाच्या संशोधकांनी सप्टेंबर २०२४ मध्ये ‘नेचर’मध्ये मांडलेल्या अंदाजानुसार २०२० साली जगभरातून सुमारे ५.२ कोटी टन प्लास्टिक बेवारस होऊन पर्यावरणात गेले. त्यात सर्वाधिक, सुमारे ९३ लाख टन, भारताचे होते आणि त्यातलेही ५८ लाख टन उघड्यावर जाळले गेले. देशात एकूण निर्माण झालेला कचरा ४१ लाख टन आणि सुटलेला ९३ लाख टन, हे गणित वरवर अशक्य वाटते. त्या संशोधकांच्या मते अधिकृत आकड्यात ग्रामीण भाग, न उचलता जाळलेला कचरा आणि असंघटित क्षेत्राने वेचून विकलेले प्लास्टिक धरलेले नसते. गावाबाहेर संध्याकाळी पेटणारा तो लहानसा ढीग आणि भंगारवाल्याच्या गाडीवरचे ते गाठोडे, दोन्ही कोणत्याही रकान्यात नसतात. प्रतिमान कोणाचे अचूक, यावर वाद होऊ शकतो. जे मोजलेच जात नाही ते आवरताही येत नाही, यावर वाद होऊ शकत नाही.

न आवरलेल्या प्लास्टिकचे पुढे काय होते, हेही भौतिकीच सांगते. पॉलिप्रॉपिलीनची घनता पाण्यापेक्षा कमी, म्हणून ते तरंगते. तरंगते म्हणून त्यावर ऊन पडते. सूर्यप्रकाशातल्या अतिनील किरणांची ऊर्जा कार्बनच्या बंधांच्या ऊर्जेच्या आसपास असते, त्यामुळे लांबच लांब साखळ्या हळूहळू तुटू लागतात. पदार्थ ठिसूळ होतो आणि लाटा, वाळू, चाके त्याचा चुरा करतात. हा चुरा म्हणजे विघटन नव्हे. लाकूड कुजते तेव्हा त्याचे दुसरे काहीतरी होते. प्लास्टिकचे केवळ लहान प्लास्टिक होते. एक सेंटिमीटर बाजूचा घन घेतला, तर त्याचे पृष्ठफळ ६ चौरस सेंटिमीटर. त्याच घनाचे एक मायक्रोमीटर बाजूचे तुकडे केले, तर तुकड्यांची संख्या एक लाख कोटी होते आणि एकूण पृष्ठफळ ६ चौरस मीटर, म्हणजे दहा हजारपट. वस्तुमान तेच, पण सजीवांशी संबंध येणारा पृष्ठभाग दहा हजारपट मोठा. इटलीतल्या संशोधकांनी एका शस्त्रक्रियेच्या मुखपट्टीवर अतिनील किरण सोडून ती कृत्रिम समुद्रजलात जोराने घुसळली, तेव्हा दिवसाला १,७३,००० पर्यंत तंतू सुटू शकतात असे आढळले.

हे तुकडे कोठे पोहोचले, याचीही उत्तरे येऊ लागली आहेत. नेदरलँड्समध्ये २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात २२ रक्तदात्यांपैकी १७ जणांच्या रक्तात प्लास्टिक सापडले. मार्च २०२४ मध्ये इटलीतील संशोधकांनी मानेतल्या रोहिणीची शस्त्रक्रिया झालेल्या २५७ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांपैकी १५० जणांच्या रोहिणीतून काढलेल्या मेदथरात पॉलिएथिलीन आढळले. ज्यांच्यात सूक्ष्मप्लास्टिक होते, त्यांना पुढच्या सुमारे तीन वर्षांत हृदयविकाराचा झटका, पक्षाघात किंवा मृत्यू येण्याचा धोका इतरांच्या साडेचारपट होता. दोन गोष्टी एकत्र आढळणे म्हणजे एकीने दुसरी घडवणे नव्हे. विज्ञानाच्या विद्यार्थ्याने ही सावधगिरी सोडू नये. परंतु ज्या प्रश्नाचे उत्तर यायला अजून वर्षे लागतील आणि ज्याचे नमुने आधीच कोट्यवधी शरीरांत शिरले आहेत, त्याबाबत पुरावा पूर्ण होईपर्यंत हात बांधून बसणे ही सावधगिरी म्हणता येत नाही.

शासकीय पातळीवर काहीच झाले नाही असे नाही. ऑगस्ट २०२१ च्या अधिसूचनेनुसार १ जुलै २०२२ पासून एकदाच वापरायच्या प्लास्टिकच्या ठरावीक वस्तूंवर देशभर बंदी आली. त्यात थाळ्या, पेले, चमचे, स्ट्रॉ, कानकाड्या, मिठाईच्या खोक्यावरची फिल्म या वस्तू होत्या. प्लास्टिकच्या कॅरीबॅगची किमान जाडी ३१ डिसेंबर २०२२ पासून १२० मायक्रॉन झाली. बाटल्या, पाकिटे आणि बहुथरी वेष्टने बंदीत नाहीत. ती परत गोळा करून त्यांची विल्हेवाट लावण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकण्यात आली. जागतिक पातळीवर २ मार्च २०२२ रोजी नैरोबीत बंधनकारक कराराचा संकल्प झाला. त्यानंतर डिसेंबर २०२४ मध्ये बुसानला आणि ऑगस्ट २०२५ मध्ये जिनिव्हाला वाटाघाटी करारावाचूनच संपल्या. उत्पादनच मर्यादित करायचे की फक्त कचरा आवरायचा, या प्रश्नावर देशांचे एकमत होत नाही.

या प्रश्नाचा निकाल परिषदांमध्ये लागायचा तेव्हा लागेल. उष्मागतिकीने एक गोष्ट मात्र कधीच सांगून ठेवली आहे. मिसळणे फुकट असते, वेगळे करायला श्रम लागतात. साखर आणि रवा एका ताटात ओतायला क्षण पुरतो. दाणा दाणा निवडायला दिवस जातो. भाजीची देठे, मुखपट्टी, दुधाची पिशवी, वापरलेला पॅड आणि फुटलेली काच एकाच डब्यात टाकताना घराचे पाच सेकंद वाचतात. ते वाचलेले श्रम नाहीसे होत नाहीत. कोणीतरी ते नंतर करतेच आणि ते हातांनी करते. साथीच्या दिवसांत इमारतीखाली घंटागाडी थांबत होती, तेव्हा वरच्या मजल्यावरचे कुटुंब दुधाची पिशवी साबणाने धुऊन मगच शीतकपाटात ठेवत होते आणि खाली एक बाई तेच घर वापरत असलेल्या मुखपट्ट्या उघड्या बोटांनी इतर कचऱ्यातून बाजूला काढत होती. तिच्या हातांत मोजे असले तर ते बहुधा कचऱ्यातच सापडलेले. एकाच विषाणूच्या भीतीने एका हाताला प्लास्टिकची सात आवरणे दिली आणि दुसऱ्या हाताला त्या सातही आवरणांचा कचरा दिला.

हा अन्याय दूर करायला मोठे तंत्रज्ञानच लागते असे नाही. पुण्यात ‘स्वच्छ’ या कचरावेचकांच्या सहकारी संस्थेने साथीच्या आधीच एक मोहीम चालवली होती. वापरलेला पॅड वर्तमानपत्रात गुंडाळावा आणि त्यावर लाल ठिपका काढावा, एवढेच सांगणे. त्या ठिपक्याने कचरा कमी झाला नाही, विषारीपणाही कमी झाला नाही. पण पुडी हातात घेणाऱ्या बाईला ती न उघडताच आत काय आहे हे कळू लागले. भौतिकीच्या भाषेत सांगायचे, तर थोडीशी माहिती योग्य जागी दिली की पुढचे पुष्कळ श्रम वाचतात. माणसांच्या भाषेत त्याला आदर म्हणतात.

तंत्रज्ञानाच्या वाटेनेही देशात प्रयत्न झाले. केरळमध्ये लक्ष्मी मेनन यांनी पीपीई शिवणाऱ्या कारखान्यांत उरलेल्या कपच्या जमवल्या आणि स्थानिक स्त्रियांनी सुईदोऱ्यावाचून, नुसत्या वेण्या घालून त्यांच्या गाद्या विणल्या. कोविड केंद्रांतल्या खाटांवर त्या ‘शय्या’ अंथरल्या गेल्या. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने निर्जंतुक केलेल्या पीपीई कचऱ्यापासून पुन्हा वापरता येणारा प्लास्टिक कच्चा माल बनवण्याचा प्रायोगिक प्रकल्प उद्योगांच्या साहाय्याने राबवला. फेब्रुवारी २०२५ मध्ये नवी दिल्लीच्या ‘एम्स’मध्ये ‘सृजनम्’ हे यंत्र सुरू झाले. तिरुवनंतपुरमच्या ‘सीएसआयआर-एनआयआयएसटी’ने विकसित केलेले हे यंत्र रोगजंतूयुक्त कचरा भट्टीत न जाळता निर्जंतुक करते आणि त्याची क्षमता दिवसाला ४०० किलो आहे. त्याच प्रसंगी देशात रोज सुमारे ७४३ टन जैववैद्यकीय कचरा निघतो, असे सांगण्यात आले. भागाकार केला तर अशी सुमारे १,८६० यंत्रे लागतील. हा आकडा निराश करण्यासाठी नाही. काम केवढे आहे हे समजण्यासाठी आहे.

घराच्या पातळीवर मात्र शाश्वत जीवनाचे गणित अनेकदा चुकते आणि तेही चांगल्या हेतूने. प्लास्टिक वाईट म्हणून नवी सुती पिशवी विकत घेतली जाते, मग दुसरी, मग एखाद्या कार्यक्रमात भेट मिळालेली तिसरी. ब्रिटनच्या पर्यावरण विभागाने २०११ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार नव्या सुती पिशवीचा हवामानावरचा भार एकदाच वापरलेल्या पातळ प्लास्टिक पिशवीपेक्षा कमी ठरायचा, तर ती निदान १३१ वेळा वापरावी लागते. आठवड्यातून एकदा बाजार केला, तर अडीच वर्षे. कापूस पिकवायला पाणी, खत आणि ऊर्जा लागते. पिशवीवर हिरवे पान छापल्याने ती फिटत नाही. याचा अर्थ प्लास्टिक बरे असा मुळीच नाही. त्या हिशेबात नाल्यात तुंबलेली पिशवी आणि गाईच्या पोटातला गोळा धरलेला नाही. अर्थ एवढाच, की शाश्वतता वस्तूत नसते, ती वापराच्या संख्येत असते. म्हणूनच जुन्या साडीची शिवलेली पिशवी, पिढीजात पितळी डबा किंवा कार्यालयात रोज जाणारा पोलादी टिफिन यांच्याशी कोणतीही नवी ‘पर्यावरणपूरक’ वस्तू स्पर्धा करू शकत नाही. त्यांचा भार केव्हाच फिटलेला असतो.

सिक्कीमच्या उत्तरेकडचे लाचेन हे गाव या बाबतीत लक्षात ठेवण्यासारखे आहे. बाटलीबंद पाण्यावर त्या डोंगरी गावाने २०१२ सालीच बंदी घातली. त्यानंतर २०१६ साली राज्य शासनाने सरकारी कार्यालयांत आणि कार्यक्रमांत अशा बाटल्या बंद केल्या. पर्यटकांवर जगणाऱ्या प्रदेशाला हे परवडते, तर महानगरातल्या परिसंवादात प्रत्येक वक्त्यासमोर बाटली ठेवण्याची सक्ती कोणी केली आहे, हा प्रश्न विचारण्याजोगा आहे. पर्यावरणावरच्या परिसंवादात तर अधिकच.

विज्ञानाच्या विद्यार्थ्यांना या सर्वांतून एक मोजपट्टी घेता येईल. कोणतीही वस्तू हातात आली, की दोन काळ विचारावेत: ती किती वेळ वापरली जाणार आणि किती काळ अस्तित्वात राहणार? सिरिंजचा वापर काही सेकंदांचा असतो, पण त्या सेकंदांत एक आयुष्य वाचते. तिथे हा विषम भागाकार समाजाने जाणीवपूर्वक स्वीकारला आहे आणि त्या कचऱ्यासाठी वेगळी पिशवी, वेगळा रंग, वेगळी भट्टी ठेवली आहे. चहाच्या पेल्याचा वापर चार मिनिटांचा असतो आणि त्याने काहीच वाचत नाही. पहिल्या वस्तूला पर्याय शोधणे हे प्रयोगशाळांचे काम आहे. दुसरीला पर्याय प्रत्येक स्वयंपाकघराच्या मांडणीवर आधीपासून उपडा घातलेला आहे.

पुढची साथ येईल, हे रोगशास्त्रज्ञ आजही सांगतात. त्या वेळीही प्लास्टिक लागेल, पुन्हा प्रचंड लागेल आणि पुन्हा ते प्राण वाचवील. रोजच्या निरर्थक वेष्टनांनी कचराभूमी तोवर काठोकाठ भरलेली असेल, तर त्या आवश्यक कचऱ्यालाही जागा उरणार नाही. आणि तो निवडणारे हात पुन्हा उघडेच असतील.

खणातली ती मुखपट्टी अजून तिथेच आहे. धूळ, ओल आणि काळ यांनी तिच्या तंतूंवरचा विद्युतभार हळूहळू ओसरत जाईल. एके काळी जिने श्वास राखला, ती मग केवळ काही ग्रॅम पॉलिप्रॉपिलीन असेल आणि तशी ती फार काळ असेल. ती एकदा टाकावी लागेलच. तेव्हा कानाचे बंद कापावेत, ती कागदात गुंडाळावी, वर लाल शाईने एक ठिपका काढावा आणि पुडी सुक्या कचऱ्यात, सर्वांत वर ठेवावी. सकाळी सात वाजता ती उचलणाऱ्या बाईला आत काय आहे ते कळेल.